चिप इथली, मालक तिथला

ब्रिटिश सरकारने मे २०२३ मध्ये राष्ट्रीय सेमीकंडक्टर धोरण प्रसिद्ध केले. दहा वर्षांत १ अब्ज पौंड, त्यातले जास्तीत जास्त २० कोटी २०२५ पर्यंत. आदल्याच वर्षी अमेरिकेने चिप कायद्यात ५२ अब्ज डॉलर ठेवले होते, आणि युरोपीय संघ ४३ अब्ज युरोंची भाषा करत होता. साहजिकच इथली बरीचशी टीका रकमेवर झाली. मला ती टीका अपुरी वाटते. तैवानसारखे अजस्र कारखाने परवडणार नाहीत हे ओळखून चिपचा आराखडा, संशोधन आणि कंपाउंड सेमीकंडक्टर यांवर भर देणे हे अंथरूण पाहून पाय पसरण्यासारखे आहे. त्यात चूक काही नाही.

अडचण दुसरीकडे आहे. नव्या कंपन्या जन्माला घाला, त्या वाढवा, मग नवे तंत्रज्ञान आणि चांगल्या नोकऱ्या दोन्ही मिळतील, असा या धोरणाचा सूर आहे. ब्रिटनचा स्वतःचा इतिहास मात्र सांगतो की या दोन गोष्टी जोडीने चालत नाहीत. ज्ञान इथे रुजते आणि टिकते. नोकरी किती दिवस टिकणार, हे मालक ठरवतो.

सुरुवात इनमॉसपासून करू. १९७८ मध्ये सरकारी पैशातून, ५ कोटी पौंडांच्या तरतुदीवर ही कंपनी निघाली. आराखडा ब्रिस्टलला, कारखाना वेल्समधल्या न्यूपोर्टला. इमारत वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांची. इनमॉसचा ट्रान्सप्युटर म्हणजे एकमेकांशी थेट बोलत समांतर काम करणारे प्रोसेसर. आज एआयच्या यंत्रणा हजारो प्रोसेसर एकत्र जुंपतात, पण १९८५ मध्ये ही कल्पना काळाच्या पुढे होती. थॅचर सरकारने त्याआधीच, १९८४ मध्ये, कंपनी थॉर्न ईएमआयला विकली होती. १९८९ मध्ये ती एसजीएस-थॉमसनकडे गेली आणि पुढे तिचे नावही पुसले गेले.

माणसे मात्र ब्रिस्टल सोडून गेली नाहीत. ट्रान्सप्युटरची रचना करणारे डेव्हिड मे यांनी २००५ मध्ये एक्समॉस सुरू करण्यात भाग घेतला आणि ग्राफकोअरचा पाळणाही एक्समॉसच्याच घरात हलला. न्यूपोर्टला अजूनही वेफर बनतात. तिथला कारखाना २०२१ मध्ये चिनी मालकीच्या नेक्सपीरियाने घेतला, राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून सरकारने तो विकायला लावला आणि २०२४ मध्ये तो अमेरिकेच्या विशेकडे गेला. मालक बदलले तरी कारखाना जागचा हलला नाही. शिवाय कारखान्याला पदवीधर इंजिनियरांबरोबर यंत्र चालवणारे, दुरुस्ती करणारे, वायू आणि पाण्याची व्यवस्था पाहणारे लोकही लागतात. आराखड्याच्या कचेरीत त्यांना जागा नसते, आणि ती कचेरी लॅपटॉपसकट कुठेही हलवता येते.

आयसेराचे तसेच झाले. २००२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झालेली ही मोबाइल मोडेमची कंपनी एनव्हिडियाने २०११ मध्ये ३६ कोटी ७० लाख डॉलरना घेतली. सगळ्यांनी त्याला यश म्हटले. चार वर्षांनी एनव्हिडियाने मोडेमचा धंदाच बंद करायचे ठरवले. सुमारे ५०० नोकऱ्यांवर गदा आली, त्यातल्या बहुतांश ब्रिटन आणि फ्रान्समध्ये.

आयसेराच्याच संस्थापकांपैकी नायजेल टून आणि सायमन नोल्स यांनी २०१६ मध्ये ग्राफकोअर काढली. जवळजवळ ७० कोटी डॉलर भांडवल उभे राहिले, २०२० च्या अखेरीस किंमत पावणेतीन अब्जांवर गेली. पण २०२२ ची विक्री होती २७ लाख डॉलर आणि तोटा २० कोटींहून जास्त. जुलै २०२४ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने ती घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्राफकोअरने जाहीर केले की बंगळुरूला नवे केंद्र उभारणार, ५०० नोकऱ्या देणार, दहा वर्षांत १ अब्ज पौंडांपर्यंत गुंतवणार. योगायोग पाहा: रक्कम आणि मुदत, दोन्ही ब्रिटनच्या धोरणाइतकीच.

आपल्यापैकी कुणाच्या भाच्याला किंवा पुतणीला तिथे नोकरी लागेल, आणि त्याचा आनंदच आहे. बंगळुरूने कुणाचे काही हिसकावलेले नाही. प्रश्न ब्रिटनच्या धोरणाला आहे: ज्या ज्ञानाची मशागत इथे चाळीस वर्षे झाली, त्याच्या पिकावर इथल्या कामगाराचा हक्क कोणत्या कागदावर लिहिला आहे?

असा कागद एकदा लिहिला गेला होता. केंब्रिजजवळच्या एका धान्यकोठारातून बारा इंजिनियरांनी उभी केलेली आर्म २०१६ मध्ये सॉफ्टबँकेने २४ अब्ज पौंडांना घेतली, तेव्हा पाच वर्षांत ब्रिटनमधले कर्मचारी दुप्पट करण्याचे कायद्याने बांधलेले वचन दिले होते. मुदत २०२१ मध्ये संपली. मार्च २०२२ मध्ये आर्मने १२ ते १५ टक्के कर्मचारी कमी करण्याची घोषणा केली, मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेत. एनव्हिडियाला विकण्याचा सौदा मोडल्याचाही त्यात हात असेल. पण कपात आली ती अट संपल्यावर, हे विसरता येत नाही. अटी घातल्या की गुंतवणूकदार पळतात, असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की ती अट मान्य करूनच सॉफ्टबँकेने २४ अब्ज मोजले.

ही चर्चा आपल्याला परकी नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या इंजिनियराची नोकरी गेली, की गृहखाते साधारणपणे ६० दिवसांची मुदत देते. तेवढ्यात नवा प्रायोजक मिळवा, नाहीतर मुलांची शाळा अर्धवट सोडून सामान बांधा. छोट्या चिप कंपनीत उडी घेणाऱ्याच्या वाट्याला हा धोका इतरांहून जास्त येतो, आणि अशा उडीवरच तर सारे धोरण उभे आहे.

म्हणून आकडा वाढवण्याआधी दोन गोष्टी व्हाव्यात. सरकारी अनुदान घेतलेली कंपनी विकली गेली, तर आराखड्याचे पथक ठरावीक वर्षे इथे ठेवणे किंवा पैसे परत करणे, ही अट अनुदानाच्या करारातच असावी. आणि कंपनी बुडाली किंवा विकली गेली म्हणून नोकरी गमावणाऱ्या परदेशी इंजिनियराला ६० दिवसांऐवजी सहा महिने मिळावेत. दोन्हींना फार पैसा लागत नाही. इनमॉसपासून ग्राफकोअरपर्यंत जे टिकले ते माणसांमुळे टिकले. ती माणसे इथे राहावीत, याची तजवीज मात्र अजून नव्या मालकाच्या मर्जीवर सोडलेली आहे.