अनेक ग्रंथ, एक स्वर

सिंफनी म्हणजे पाश्चात्य वाद्यसंगीताचा सर्वांत भारदस्त प्रकार. त्यांत एकल गायक व गायकवृंद आणून शब्दांना स्थान देण्याचें धाडस बीथोवेननें 1824 सालीं आपल्या नवव्या सिंफनींत केलें. परंतु शब्द आले कीं अर्थ आला, आणि अर्थ आला कीं त्याच्याशीं इमान राखण्याची जबाबदारी संगीतकारावर येऊन पडते. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांची पांचवी सिंफनी याच कसोटीवर पारखण्याजोगी आहे.

साल्झबर्ग महोत्सवाकरितां रचिलेली ही कृति तेथेंच 1999 सालीं प्रथम सादर झाली. पांच एकल गायक, मोठा गायकवृंद, बालगायकवृंद आणि पूर्ण वाद्यवृंद असा तिचा परिवार. बारा भागांचा तिचा विस्तार दीड तासाहून अधिक. सृष्टीपूर्वीच्या अवस्थेपासून निघून प्रेम, अज्ञान, दुःख, करुणा, मृत्यु, स्वर्ग असे टप्पे घेत ती अखेर पुण्यसमर्पणापाशीं थांबते. शब्द ऋग्वेद, बायबल, कुराण, शांतिदेवाचा बोधिचर्यावतार इत्यादि ग्रंथांतून वेंचलेले; गाइले मात्र जातात ते सर्व इंग्रजींत.

याच ग्लास यांनीं 1980 सालच्या ‘सत्याग्रह’ या गांधीजींवरील संगीतनाटकांत गीतेचे श्लोक संस्कृतांतच ठेविले होते. तेथें परकीय श्रोत्याला नाद मिळाला, अर्थ दूर राहिला. येथें अर्थ मिळाला, मूळ नाद हरपला. भाषांतर हा कांहीं दोष नव्हे. ज्ञानेश्वरांनींही गीता मराठींत आणली. पण आणतांना तिला ओवीचा नवा देह दिला. तेव्हां विचारावयाचें तें इतकेंच कीं, ग्लास यांच्या स्वरांनीं या ग्रंथांना ज्याचा त्याचा देह दिला आहे काय?

लहानशी स्वराकृति पुनःपुन्हां घोळवीत, मात्रा वाढवीत-घटवीत पुढें नेणें ही त्यांची रीत. पॅरिसमध्यें 1965-66 च्या सुमारास रविशंकर व अल्लारखा यांच्या सहवासांत तिचें बीज पडलें. तिचा ओघ विलक्षण खरा. पण तो सर्वांना सारखाच वाहून नेतो. वेदांतील नासदीय सूक्त प्रश्न करतें आणि संशयांतच थांबतें. बायबलांतील ईश्वर आज्ञा करतो आणि सृष्टि होते. संशय आणि आज्ञा हीं एकाच ओघांत सांपडलीं म्हणजे सर्व धर्म एकच सांगतात असा गोड समज होतो. तो विचारानें मिळविलेला नसतो.

शेवटच्या भागाची गोष्ट निराळी. तेथें प्राणिमात्राच्या दुःखनिवृत्तीची एकच याचना आहे, आणि तीच पुनरावृत्ति तेथें जपासारखी मनांत उतरते. जेथें सर्वांचें मागणें खरोखर एक आहे, तेथें एक स्वर शोभतो. जेथें म्हणणें भिन्न आहे, तेथें तो कितीही कंठांनीं गाइला तरी उणाच पडतो.