खांदेरीचें पाणी आणि संगणकाचें बिरुद

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा संगणकावरील खेळ पॅराडॉक्स ह्या स्वीडिश मंडळीनें इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध केला. तो ह्या पानांत कोठून आला असें कित्येक वाचक विचारतील. खेळाचा पट इ. स. १४४४ पासून १८२१ पर्यंतचा असून त्यांत मराठी राज्य उभारतां येतें. ज्यांनीं एकहि दप्तर उघडलेलें नाहीं अशा तरुणांच्या मनांतील मराठी आरमार ह्या पटावर घडत आहे. म्हणून त्याची परीक्षा अवश्य आहे.

खेळांत जड युद्धनौका, हलकीं जहाजें, वल्ह्यांच्या गॅली आणि वाहतुकीचीं तारवें असे चार वर्ग आहेत. गॅलीला भूमध्यासारख्या आंतरसमुद्रांत विशेष बळ मिळतें, खुल्या पाण्यांत मिळत नाहीं. आणि कोंकणापुढील समुद्र खुला गणला आहे. त्यामुळें शहाणा खेळाडू लहान नौकांच्या वाटेस न जातां मोठीं जहाजें बांधतो. आतां खांदेरीचें प्रकरण पाहावें. इ. स. १६७९ त शिवाजीमहाराजांनीं मुंबईच्या तोंडाशीं हें बेट तटबंद करावयास घेतलें. १८ ऑक्टोबरच्या झुंजींत इंग्रजांचें ‘डव्ह’ मराठ्यांस सांपडलें, परंतु ‘रिव्हेंज’ ह्या एकट्या जहाजानें मराठी गलबतांस पिटाळलें. खेळाच्या हिशेबीं जय इंग्रजांचा! पण उथळ पाण्यांतून वल्हीं मारीत जाणाऱ्या होड्या बेटावर सामान पोंचवीतच राहिल्या, आणि बेट मराठ्यांकडेच राहिलें. हें युद्ध मांडावयास ह्या पटावर जागाच नाहीं.

एक गोष्ट मात्र खेळकर्त्यांनीं मार्मिकपणें जाणली आहे. किनाऱ्यावरील किल्ल्याची समुद्राची वाट मोकळी असेल, तर वेढा घालणारास तो घेणें जड जातें. जंजिरा कां पडला नाहीं, हें विद्यार्थ्यास इतक्या थोडक्यांत सांगणारें दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां ‘अचीव्हमेंट’ म्हणजे बिरुदें. एखादी ठराविक अट पुरी होतांच बिरुद पडद्यावर झळकतें. पांचशें जड युद्धनौका आणि कर्ज नाहीं, अशी एकाची अट आहे. हीं बिरुदें ‘आयर्नमॅन’ ह्या कडक प्रकारांतच मिळतात. तेथें मागील डाव पुनः मांडून चूक पुसतां येत नाहीं. हा नियम आम्हांस फार आवडला. जुन्या कागदांवर हरताळ लावून मजकूर फिरविणारांना तो लागू असता तर किती बरें झालें असतें! परंतु खेळाडू एक बंदर वांचविण्यास लढतो, आणि ज्याचा त्यानें विचारहि केला नव्हता असें बिरुद त्याच्या पदरांत पडतें. हा शुद्ध घुणाक्षरन्याय होय. किड्यानें लांकूड कोरलें, त्यांत अक्षर उमटलें. किड्यास लिहितां येतें असें कोणी म्हणत नाहीं. कान्होजी आंग्र्यांचें सरखेलपद असें पडलेलें नव्हतें. इ. स. १७१४ त बाळाजी विश्वनाथानें त्यांच्याशीं तह करून त्यांस शाहूकडे वळविलें, तेव्हां त्या पदामागें किल्ल्यांची वांटणी होती, दोहों बाजूंचें देणेंघेणें होतें.

ह्या मोजणीचा खरा दोष विजयदुर्गास दिसतो. इ. स. १७५६ त नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांस हातीं धरून तुळाजी आंग्र्यांस बुडविलें. वॉटसनच्या तोफांखालीं आंग्र्यांचीं जहाजें जळालीं. खेळांत पेशवा विजयी ठरतो आणि युद्ध जिंकल्याची नोंद होते. जळालेलीं जहाजें तेवढीं शत्रूच्या खात्यावर पडतात.