रणभूमीचे प्रवासवर्णन : उंबरखिंडीच्या निमित्ताने

प्रस्तावना
मराठी प्रवासवर्णनात दुर्गभ्रमणाची परंपरा समृद्ध आहे. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने ती घडविली. त्या मानाने रणभूमीचे वर्णन दुर्बळ राहिले. किल्ल्यावर बुरूज, टाकी, दरवाजे दिसतात. रणभूमीवर मात्र शेत, ओढा आणि अलीकडचे स्मारक याखेरीज काही दिसत नाही. ही उणीव लेखक बहुधा अभिमानाने किंवा शोकाने भरून काढतो. प्रस्तुत लेखात या प्रवृत्तीचा रायगड जिल्ह्यातील उंबरखिंडीच्या संदर्भात विचार केला आहे.

स्थळ आणि संहिता
शाहिस्तेखान पुण्यात असताना त्याने कारतलबखानाला कोकणात पाठविले. इ. स. १६६१ च्या फेब्रुवारीत घाट उतरणारे हे सैन्य चावणी गावाजवळच्या अरुंद, दाट अरण्यात शिवाजीमहाराजांनी कोंडले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आहे. तेथे अरण्याचा कोंडमारा व तहानेने व्याकुळ झालेले सैन्य हे युद्धाचे घटकच ठरतात. म्हणून उंबरखिंड पाहणे म्हणजे स्मारक पाहणे नव्हे. घाटाची उतरण, वाटेची रुंदी आणि पाण्याचे अंतर वाचणे होय.

परंतु खरा मुद्दा प्रसंगाच्या शेवटाचा आहे. मोगलांच्या बाजूने लढणारी माहूरची रायबागन खानाला शरण जाण्याचा सल्ला देते. खान अभय मागतो. द्रव्य सोडून देण्याच्या अटीवर ते मिळते आणि सैन्य जिवंत परतते. परमानंद हा आश्रित कवी असल्याने त्याच्या अतिशयोक्तीची छाननी आवश्यक आहे. तथापि त्यालाही गौरवासाठी संहारापेक्षा अभयदान योग्य वाटले, ही बाब महत्त्वाची आहे. ‘मूठभरांनी हजारोंना धूळ चारली’ एवढ्यावर थांबणारे वर्णन नेमका हाच भाग गाळते. पानिपतच्या बाबतीत उलट घडते. १४ जानेवारी १७६१ चे स्मरण शोकात बुडते आणि त्र्यं. शं. शेजवलकरांनी केलेली कारणमीमांसा बाजूला राहते.

गागोद्याचा संदर्भ
याच जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव आहे (११ सप्टेंबर १८९५). गीता हा रणभूमीवरचाच संवाद. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दिलेल्या प्रवचनांत सोळाव्या अध्यायातील दैवी गुणांची मांडणी विनोबा सैन्यरचनेसारखी करतात : आघाडीला अभय, पिछाडीला नम्रता. त्यांचे अभय म्हणजे स्वतःची निर्भयता, तर शिवभारतातील अभय शत्रूला दिलेले. हा अर्थभेद पुसून दोहोंची बेरीज करणे अशास्त्रीय ठरेल. तरीही जो स्वतः भयग्रस्त आहे तो दुसऱ्यास अभय देऊ शकत नाही, एवढा दुवा दोहोंत निश्चित आहे.

समारोप
रणभूमीच्या वर्णनाकडून तीन अपेक्षा ठेवता येतात : भूगोलाचे वाचन, प्रतिपक्षाची दखल आणि युद्धोत्तर वर्तनाची नोंद. महाविद्यालयीन सहलींच्या अहवालांत घोषणा व छायाचित्रे असतात. या तिन्ही गोष्टी क्वचितच आढळतात. सहलीपूर्वी मूळ संहिता वर्गात वाचली जावी आणि उंबरखिंडीच्या सहलीत गागोद्याचाही समावेश व्हावा. विजय कसा मिळाला याबरोबरच तो कोठे थांबला, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडला तरच ती सहल अभ्याससहल म्हणता येईल.