माझा नायक, त्यांचा सांगाडा

व्हिडिओ गेमविषयी मराठीत लिहायचे तर आपण बहुधा मुलांच्या डोळ्यांविषयी आणि वाया जाणाऱ्या वेळेविषयी लिहितो. खेळ ही एक रचना आहे, तिला आशय आणि घाट असतो, हे गृहीत धरून फारसे लिहिले जात नाही. प्रस्तुत लेखात मी एका खेळाकडे तशा नजरेने पाहणार आहे. प्रश्न एकच : ज्या खेळात नायकाचे चित्र खेळणारा स्वतः काढतो, तिथे तो नायक कोणाचा असतो?

हा खेळ म्हणजे ‘ड्रॉन टू लाइफ’. अमेरिकेतील फिफ्थ सेल या संस्थेने तो निन्टेंडो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बनवला आणि २००७ मध्ये टीएचक्यू कंपनीने बाजारात आणला. डीएसचे पडदे दोन. खालच्या पडद्यावर काडीने लिहिता, रेखाटता येते. कथानक साधे आहे. रपोसा नावाच्या कोल्ह्यासारख्या जीवांचे गाव आहे. त्यांच्या जीवनग्रंथात जे रेखाटलेले असते तेच जगात असते. विल्फ्रे नावाचा रपोसा त्या ग्रंथाची पाने फाडतो, गावावर काळोख पसरतो, लोक गाव सोडतात. महापौरांची मुलगी मारी सृष्टिकर्त्याचा धावा करते. तो सृष्टिकर्ता म्हणजे हातात काडी घेतलेले आपण. गावातल्या कोऱ्या पुतळ्यावर आपण डोके, धड, हातपाय रेखाटायचे, की त्याची प्राणप्रतिष्ठा होते. मग तो उड्या मारत, अडथळे ओलांडत हरवलेली पाने आणि कोंडलेले गावकरी शोधू लागतो.

हे वाचून मला आधी धास्तीच वाटली. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेत मी नापास झालो होतो आणि त्यानंतर कागदावर माणूस काढला नव्हता. भाच्याने यंत्र पुढे केले तेव्हा जो नायक उतरला त्याचा एक डोळा कपाळावर गेला होता. तरीही तो चालू लागला, आणि बेताल का होईना, आपली रेघ जिवंत झालेली पाहताना मला जो आनंद झाला तो मी नाकारणार नाही.

पुढे टीकाकार जागा झाला. मी पाळीपाळीने तीन नायक काढले : एक काटकुळा, एक लठ्ठ, एक केवळ रंगाचे फराटे. तिघांना एकाच टप्प्यावर पाठवले. तिघांची उडी सारखीच उंच, धाव सारखीच वेगवान, मार सारखाच लांब. माझ्या रेघेने त्यांच्या देहात काहीच बदलले नव्हते. सांगाडा खेळ बनवणाऱ्यांचा होता, कातडे तेवढे माझे. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधीच घातलेले असावेत आणि आपल्या वाट्याला रंग भरणे यावे, तसे हे स्वातंत्र्य आहे.

याच्या उलट टोकाला फिनलंडच्या पेत्री पुरहो यांचा ‘क्रेयॉन फिजिक्स डिलक्स’ हा २००९ चा खेळ ठेवून पाहावा. तिथे काढलेल्या आकाराला वजन येते. तो घरंगळतो, कलंडतो, चेंडूला ढकलतो. रेघ चुकली तर पूल कोसळतो. फिफ्थ सेलच्याच त्याच वर्षीच्या ‘स्क्रिबलनॉट्स’मध्ये शिडी हा शब्द लिहिला की चढता येईल अशी शिडी येते. या दोन्ही खेळांत खेळणाऱ्याच्या कृतीला परिणाम आहे. त्या मानाने ‘ड्रॉन टू लाइफ’ची चित्रकला शोभेची आहे, हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल.

पण तो तिथेच सोडून देता येत नाही. जिथे रेघेला परिणाम असतो तिथे चांगली रेघ आणि वाईट रेघ हा भेदही आलाच, म्हणजे पुन्हा परीक्षा आली. ‘ड्रॉन टू लाइफ’मध्ये ती नाही. कपाळावर डोळा असलेल्या माझ्या नायकाला गावकरी त्राताच मानतात. चित्रकाराच्या नायकालाही याहून अधिक मान मिळत नाही. रेघ दुबळी ठेवल्यामुळेच इथे सगळे हात समान होतात. खेळाचा दोष आणि त्याचे औदार्य एकाच जागी आहे, असे माझे मत आहे.

हा करार कथानकात मात्र अस्वस्थ करतो. विल्फ्रेचा गुन्हा तरी काय? त्याला सृष्टिकर्त्यासारखे स्वतः काही घडवायचे आहे. जे करायला खेळ आपल्याला पदोपदी सांगतो, तेच त्याने आपणहून केले म्हणून तो खलनायक. दिलेल्या चौकटीत रंग भरणारा तो सृष्टिकर्ता आणि चौकटच मागणारा तो पापी, असा हा न्याय आहे. रचनेत जे दडले होते ते इथे कथेच्या तोंडून बाहेर पडते.

डीएसवरील २००९ च्या दुसऱ्या भागाचा शेवट तर आपले सृष्टिकर्तेपणही काढून घेतो. रपोसांचे सारे जग म्हणजे अपघातानंतर बेशुद्ध पडलेल्या माइक नावाच्या मुलाचे स्वप्न होते, असे उघड होते. तो जागा होण्यासाठी ते जग मावळावे लागते. पुढे दोन्ही भागांच्या एकत्रित आवृत्तीत मोटारीच्या अपघाताऐवजी माइक झाडावरून पडला असे दाखवले गेले. म्हणजे शेवटावर पुन्हा रेघ ओढता येत होती. फक्त ती काडी आपल्या हातात नव्हती.

मग नायक कोणाचा? त्याची उडी, त्याचा मार, त्याचे भविष्य माझे नव्हते. कपाळावरचा डोळा तेवढा माझा होता. एवढ्याशा मालकीला सर्जन म्हणणे ही अतिशयोक्ती आहे आणि खेळाच्या नावातच ती आहे. पण एलिमेंटरीत नापास झालेल्या माणसाने या खेळानंतर भाच्याच्या वहीत आणखी एक नायक काढला. त्याला सांगाडा नाही, तो चालत नाही, कुणाला वाचवत नाही. तो सगळा माझा आहे. या खेळाने मला तिथवर आणले, ही त्याची मर्यादा आणि हेच त्याचे देणे.