चित्रातले रान आणि चौकटीबाहेरचा माळ

निसर्गचित्रे काढली, प्रदर्शने भरवली की लोकांत निसर्गरक्षणाची भावना जागी होते, असे सर्रास म्हटले जाते. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते.

पुरावा म्हणून अमेरिकेतल्या यलोस्टोनचे नाव घेतात. 1871 साली हेडन यांच्या सर्वेक्षण-तुकडीबरोबर थॉमस मोरान हा चित्रकार तिकडे गेला. त्याची जलरंगचित्रे आणि जॅक्सनची छायाचित्रे तिथल्या संसद-सदस्यांना दाखवली गेली आणि 1 मार्च 1872 रोजी तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे त्याचे सुमारे सात बाय बारा फुटांचे तैलचित्र सरकारने 10,000 डॉलरला घेतले. चित्राने काम केले, हे नाकबूल करता येत नाही. पण ते तैलचित्र नीट बघा. अफाट दरी, झळाळते पिवळे कडे आणि माणसे मुंगीएवढी! त्या मुलखात शोशोनी, क्रो, बॅनॉक या जमातींचा पिढ्यान्‌पिढ्या वावर होता. उद्यान झाल्यावर त्यांना हळूहळू बाहेर काढले गेले. सगळा दोष कुंचल्याचा नव्हे. पण खरे रान म्हणजे निर्मनुष्य रान, ही समजूत अशाच चित्रांनी रुजवली.

आता आमचा जुना गृहस्थ कान्ट. (घाबरू नका, दोनच वाक्ये.) 1790च्या ग्रंथात तो म्हणतो की सौंदर्याच्या आनंदात ती वस्तू प्रत्यक्षात आहे की नाही, याची आपल्याला पर्वा नसते. पुढे तोच म्हणतो की निसर्गसौंदर्याविषयी थेट आस्था असणे हे चांगल्या मनाचे लक्षण. मात्र ही आस्था निसर्गाची, कलेची नव्हे. म्हणजे भिंतीवरचे जंगल बघून डोळे निवणे आणि जंगल तोडताना जीव तुटणे, या दोन गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही.

आणि भिंतीवर काय येते? आपल्या नायगावातल्या पोराला निसर्गचित्र काढ म्हणा. दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, नारळाचे झाड. नारळ! या काळ्या रानात! फार तर सहस्रकुंडाचा धबधबा, किनवटचे सागवान येईल. कुसळी गवताचा माळ येणार नाही. तो देखणा नाही ना. सरकारी नकाशातही अशा झुडपी माळाची गणती पडीक जमिनीत होते. पडीक म्हटले की घाला कारखाना, टाका खडी. चंडोल, काळवीट, लांडगा कुठे जायचा, ते कोण विचारतो? सोलापूर-नगरकडे 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचे. नंतर ते कापून 1,200च्या आसपास आणले. माळढोक तर आता तिथे दिसणे मुश्कील.

म्हणून आम्हाला कोल्हापूरचे आबालाल रहमान महत्त्वाचे वाटतात. 1931 साली ते वारले. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा माणूस हिमालयात गेला नाही. घराजवळचे कोटितीर्थ तळे त्याने पुन्हा पुन्हा रंगवले. तळे त्यामुळे वाचले का? नाही; शहराचे सांडपाणी त्याला भिडलेच. पण तिथले पाणी कसे होते, उजेड कसा पडायचा, हे सांगणारा साक्षीदार तरी राहिला. आपल्या गायरानाचा असा एकही साक्षीदार नाही. इथे चित्रकलेचे शिक्षक बसले आहेत, त्यांना आम्ही विचारतो : मार्गशीर्षातल्या वाळल्या गवताचा तो करडा-पिवळा रंग मुलांना कधी कालवून दाखवलात का?