तबकडीवरचे भीमगीत : जतन कशाचे?

दलित साहित्याची समीक्षा आजवर छापील पानाची समीक्षा राहिली आहे. कविता, कथा, आत्मकथन यांची आपण चर्चा केली. त्यांतील नकार, वेदना, विद्रोह यांची केली. त्यांच्या भाषेचीही केली. परंतु वस्तीतल्या निरक्षर माणसापर्यंत आंबेडकरी विचार ज्या शब्दाने नेला तो शब्द गायिलेला होता. या गायिलेल्या शब्दाला आपण 'प्रबोधनाचे प्रभावी साधन' असे प्रमाणपत्र दिले आणि साहित्याच्या दाराबाहेर उभे केले. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांच्याच हातून हे घडावे याचे मला आश्चर्य वाटते.

हा प्रश्न आज पुन्हा काढण्याचे एक कारण आहे. जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणे आणि त्या संगणकावर उतरवून घेणे हा छंद अलीकडे बराच वाढला आहे. नाट्यगीते, भावगीते, शास्त्रीय गायन यांचे संग्राहक पूर्वीपासून आहेत. मुंबईत १९९० साली अशा संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्थाही उभी राहिली. आता भीमगीतांच्या तबकड्याही या छंदाच्या कक्षेत येऊ लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण जतन करणारा काय ठेवतो, काय कापतो, कोणाचे नाव लिहितो, हा संपादनाचा प्रश्न आहे. आणि संपादनाचा प्रश्न म्हटला की तो समीक्षकाच्या दारात येतोच.

मी नाशिकला महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मीच. वर्गात नाशिक जिल्ह्यातले साहित्यिक विचारले की मुले कुसुमाग्रज सांगतात. एखादा विहितगावच्या बाबुराव बागूलांचे नाव घेतो, 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ सालचे हेही सांगतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांचे नाव साहित्यिक म्हणून कोणी घेत नाही. त्यांची गाणी मात्र त्याच मुलांच्या खिशातल्या फोनमध्ये असतात, आणि फाईलीवर नाव असते गायकाचे, नाहीतर कंपनीचे. वामनदादा १९२२ चे. अक्षरओळख त्यांना मोठेपणी मुंबईत झाली, पहिले गीत १९४३ चे, 'वाटचाल' हा संग्रह १९७३ चा. म्हणजे तीस वर्षे हा कवी पुस्तकावाचून कवी होता. याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी त्याच्याही आधी जलसे उभे केले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. त्या धगीतून जी गाणी निघाली त्यांतली फार थोडी कोणत्याही तबकडीवर आली. तबकडीचा इतिहास लिहिताना हे आधीच सांगितले पाहिजे. तबकडी हा आपल्या गाण्याचा एक तुकडा आहे, आणि तो तुकडा कोणता हे कंपनीने ठरवले.

आता तबकडीकडे वळतो. गंगाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. त्याच्या कडेला जुनेपाने विकणारे बसतात. तेथे अधूनमधून पंचेचाळीसच्या वेगाच्या सात इंची छोट्या तबकड्या मिळतात. वेष्टन नसते, मधल्या कागदावर चहाचे डाग असतात. भीमगीताची तबकडी सापडली तर ती हमखास झिजलेली असते. संग्राहक ती हातात घेतात, उजेडात तिरपी धरतात आणि खाली ठेवतात. त्यांच्या शास्त्रात तबकडीची प्रत असते. न वाजलेली ती उत्तम, थोडी वाजलेली मध्यम, खूप वाजलेली टाकाऊ.

हे शास्त्र कोणत्या घरातून आले? ज्या घरात दिवाणखाना होता, त्यात ग्रामोफोन होता, आणि एक माणूस एकटा बसून ऐकू शकत होता, त्या घरातून. आमच्या वस्तीत तबकडी कोणाच्या घरी नव्हती, ती लाऊडस्पीकरवाल्याकडे असे. वडील सांगतात की चौदा एप्रिलच्या आदल्या रात्रीपासून तो कर्णा लिंबाला बांधायचा आणि हाती असलेल्या चार-सहा तबकड्या दोन दिवस आलटून पालटून लावायचा. लग्नातही त्याच, नामांतराच्या सभेतही त्याच. पिन बोथट झाली तरी बदलायला पैसे कोण देणार? अशी तबकडी झिजणार नाही तर काय होईल! तिची झीज हा तिच्या लोकप्रियतेचा पुरावा आहे. 'उत्तम प्रत' हा निकष लावला की जे गाणे लोकांनी सर्वांत जास्त ऐकले तेच संग्रहातून आधी बाहेर पडते. निकष तटस्थ दिसतो, पण तो एका वर्गाचे ऐकणे हेच सर्वांचे ऐकणे मानून चाललेला असतो. (लाखेच्या जुन्या तबकडीची लाख छोटा नागपूरच्या आदिवासींनी झाडावरून खरवडून आणलेली असे. त्या तबकडीवर त्यांचे गाणे किती वेळा उमटले, हा प्रश्न मी येथे नुसता नोंदवून ठेवतो.)

दुसरा मुद्दा वेळेचा. दहा इंची अठ्ठ्याहत्तरच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावतात. सात इंची छोटीवर चार गाणी बसवायची तर एकाला फार तर तेवढीच मिळतात. गायन पार्टीचे गाणे असे नसते. आधी शेर, मग बोलणे, मग धृपद, मग कडवे. श्रोत्यांतून फर्माईश आली की तेच कडवे पुन्हा. मध्येच कोणी बक्षीस दिले की त्याचे नाव आणि गाव पुकारायचे, आणि पुन्हा त्याच सुरात शिरायचे. प्रल्हाद शिंद्यांसारखा गायक हे सारे तीन मिनिटांत आणताना काय करतो, हे ऐकण्यासारखे आहे. शेर आवरता होतो, बोलणे जाते, कडवी पाचाची तीन होतात. उरते ते घट्ट आणि टणक असते. याने गाणे बिघडले असे मी म्हणणार नाही. काही गाणी या काटछाटीने सुधारली आहेत. पण कविता वाचताना आपण छंदाची मर्यादा लक्षात घेतो, तशी तबकडीची मर्यादा येथे लक्षात घ्यायला नको काय?

येथे अमेरिकेतले एक उदाहरण आठवते. बारा इंची तबकडीवर एकच गाणे ही कल्पना तिकडे न्यूयॉर्कच्या नाचघरांतून आली. टॉम मोल्टन हा ध्वनिमिश्रक एक गाणे कापून घ्यायला गेला, तेव्हा सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या. मोठ्या चकतीवर तेच गाणे कापले, चरे ऐसपैस पसरले, आणि आवाज भरदार निघाला. मग १९७६ मध्ये साल्सोल या कंपनीने डबल एक्सपोजर या गायकवृंदाचे 'टेन पर्सेंट' हे गाणे वॉल्टर गिबन्सच्या हातून लांबवून बारा इंचीवर बाजारात आणले. अशी तबकडी दुकानात विकायला आलेली ही पहिलीच. नाचघरात येणारे पुष्कळसे काळे आणि लॅटिन वंशाचे कष्टकरी होते; त्यांना तीन मिनिटांत थांबायचे नव्हते, म्हणून तबकडी मोठी झाली. समूहाने माध्यमाला वाकवले. आपल्याकडे समूह तसाच होता, रात्रभर न थांबणारा. पण त्याच्यासाठी तबकडी मोठी करावी असे कोणाला वाटले नाही. आज त्या बारा इंची तबकड्यांचे संग्राहक प्रत्येक आवृत्ती निराळी नोंदवतात. मिश्रण कोणाचे, छाप कोठला, मधल्या कोऱ्या कड्यावर कोरलेला क्रमांक काय, सारे लिहितात. छंदिष्टांनी केलेले हे काम एखाद्या पाठचिकित्सकाला शोभेल असे आहे. आपल्या भीमगीताला एवढी साधी नोंद तरी मिळाली आहे का?

मिळालेली नाही, आणि त्याचे परिणाम गंभीर आहेत. वामनदादा गीताच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. संतांच्या अभंगातली नाममुद्रा असते तशी ही मुद्रा आहे. ज्याच्याजवळ पुस्तक नाही, कागद नाही, वकील नाही, त्याचा हक्कलेख तोच. मी विद्यार्थ्यांना घेऊन एकाच गीताच्या फोनवर फिरणाऱ्या तीन फाईली ताडून पाहिल्या. एकीत शेवटचे कडवे पूर्ण होते. दुसरीत ते हळूहळू विरत गेले होते, नाव येण्याआधीच आवाज बंद. तिसरीत ते कडवे नव्हतेच, आणि शीर्षकात 'पारंपरिक भीमगीत' असे लिहिले होते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. त्यांच्यावरचे गीत इतक्यात पारंपरिक होते कसे? 'पारंपरिक' हा शब्द येथे कवीची मालकी पुसण्याचे काम करतो. गाव आमच्या श्रमाला 'बलुतं' म्हणत असे. ते परंपरेने मिळायचे, म्हणून त्याला मजुरी द्यावी लागत नसे.

मालकीचा प्रश्न नुसता मानाचा नाही. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो; १९६० साली निघालेली तबकडी २०२० च्या अखेरीस मोकळी झाली. गीताच्या शब्दांवरचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०६४ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे, जेथे ते त्यांनी विकून टाकलेले नसतील तेथे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराच्या मानधनाच्या वाट्याला संरक्षण दिले. पण नावच नोंदले नसेल तर वाटा कोणाला देणार? 'पारंपरिक' या एका शब्दाने तो प्रश्न मिटतो, आणि कोणाच्या फायद्याचा मिटतो हे सांगायला नको.

उतरवून घेण्याच्या तंत्रातही निर्णय दडलेले असतात. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीचा चरा रुंद. तिला साधारण तीन सहस्रांश इंचाची सुई लागते. पंचेचाळीस किंवा तेहतीसच्या बारीक चऱ्याला त्याच्या तिसऱ्या हिश्शाची. चुकीची सुई लावली की गायक दूर जातो आणि खरखर पुढे येते. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसली तर लाखच विरघळते. हे सगळे शिकता येते. खरी अडचण पुढे आहे. संगणकावर खरखर काढण्याची सोय असते, आणि हौशी माणूस ती सढळ हाताने वापरतो. खरखरीबरोबर टाळीचा कडकपणा जातो, खंजिरीची किणकिण जाते, मागे म्हणणाऱ्या बायांचे आवाज पातळ होतात. मधल्या कागदावर त्या बायांचे नाव नसतेच, फार तर 'आणि साथी'. त्यांच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा तो आवाज. तो 'स्वच्छता' म्हणून पुसला जातो. स्वच्छता या शब्दाशी आपला संबंध काय प्रकारचा आहे हे वाचकांना वेगळे सांगत नाही. जसे वाजते तसे कच्चे मुद्रण, शहाण्णव किलोहर्ट्झ चोवीस बिट या प्रतीचे, हात न लावता ठेवायचे. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. ध्वनिसंग्रहालये असेच करतात. छापील पोथीच्या संपादनात हा नियम आपण मानतो, मूळ पाठ वेगळा आणि संपादित पाठ वेगळा.

एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगितली पाहिजे. भीमगीत म्हटले की आपण हात जोडतो, कान लावत नाही. तबकड्यांवरच्या साऱ्या गाण्यांना मी चांगली कविता म्हणणार नाही. पुष्कळांत बाबासाहेबांना देवाच्या जागी बसवून आरतीचीच भाषा वापरली आहे, चाली सिनेमाच्या उचलल्या आहेत, यमके ओढून आणली आहेत. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या मांडवात हे वाजावे याची खंत वाटते. उलट वामनदादांच्या चांगल्या गीतात विचार प्रतिमेत उतरतो, संपत्तीच्या वाट्याचा हिशेब मागितला जातो, आणि भाषा देशवंडीच्या शिवारातली राहते. हा फरक सांगणे समीक्षकाचे काम आहे. पण फरक सांगायला दोन्ही गाणी समोर असावी लागतात. आजच जर संग्राहकाने आपल्या आवडीने निवडून उरलेली फेकली, तर उद्याच्या समीक्षकाला मत बनवायला काही शिल्लक राहणार नाही.

आणि म्हणूनच या छंदाचा क्रम मला उलटा वाटतो. तबकडीला सध्या मान आला आहे. ती दिसायला देखणी आहे, भिंतीवर लावता येते, किंमत चढते. पण तबकडी टिकाऊ आहे. नीट उभी ठेवली तर आणखी पन्नास वर्षे थांबेल. कॅसेट थांबणार नाही. १९८० च्या दशकात टू-इन-वन घरोघर आले. ज्यांना कंपनी कधी स्टुडिओत बोलावणार नव्हती अशा गायन पार्ट्यांचे रात्रभरचे कार्यक्रम गावच्या पोरांनी साध्या कॅसेटींवर उतरवले. तीन मिनिटांची अट तेथे नव्हती. त्यांत शेर आहेत, बोलणी आहेत, सवाल-जवाब आहेत, कवीने स्वतः सांगितलेला गीताचा संदर्भ आहे, आणि पाच रुपये बक्षीस देणाऱ्याचे गावासकट पुकारलेले नाव आहे. फीत चिकटते, तिच्यावरची पूड झडते, वाजवायचे यंत्र दुरुस्त करणारा मिळत नाही. नाशिकरोडच्या एका घरी पत्र्याच्या पेटीत अशा चाळीस कॅसेटी मी पाहिल्या. त्यांतल्या अकरा आता वाजत नाहीत. संग्राहक मित्रांना मी सांगतो की तबकड्या तूर्त पेटीत राहू द्या, आधी या कॅसेटी उतरवून घ्या, आणि उतरवताना बक्षिसाची पुकार कापू नका.