नाताळच्या सचित्र गोष्टी आणि शेवटचें पान

मुलांस निजतेवेळीं वाचून दाखविण्याचें पुस्तक हा वाङ्मयाचा एक निराळाच प्रकार आहे, ही गोष्ट टीकाकारांच्या ध्यानांत क्वचितच येते. इतर पुस्तकें माणूस एकटा वाचतो. ह्या पुस्तकाला दोन वाचक लागतात. अक्षरें मोठ्या माणसाचीं, चित्रें मुलाचीं. मोठें माणूस ओळ वाचीत असतें, तोंवर मुलाची नजर चित्राच्या एखाद्या कोपऱ्यांत गुंतून पडलेली असते; आणि पान केव्हां उलटावें हें बहुधा मूलच ठरवितें. शिवाय वाचन संपतांच दिवा मालवावयाचा असतो. म्हणून अशा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जें असेल, तेंच मूल आपल्याबरोबर अंधारांत घेऊन जातें. पाश्चात्त्य देशांत नाताळच्या सुमारास अशीं पुस्तकें घरोघर वाचलीं जातात. त्यांतील चार प्रसिद्ध पुस्तकांची परीक्षा एकाच कसोटीवर करण्याचें येथें योजिलें आहे : गोष्ट संपल्यावर हातीं काय उरतें?

डेन्मार्कचा कथालेखक हान्स अँडरसन यानें १८४५ सालीं आगकाड्या विकणाऱ्या लहान मुलीची गोष्ट लिहिली. तिच्या जन्माची हकीकत आमच्या विषयाच्या दृष्टीनें बोधप्रद आहे. अँडरसनकडे कांहीं चित्रें पाठवून त्यांपैकीं एकावर गोष्ट लिहावी अशी विनंती करण्यांत आली होती. त्यानें लुंडबी नांवाच्या चित्रकाराचें, आगकाड्या विकणाऱ्या गरीब मुलीचें चित्र निवडलें. म्हणजे येथें चित्र हें गोष्टीचें भूषण नसून तिचें बीज आहे. वर्षाच्या अखेरच्या रात्रीं एक अनवाणी मुलगी गारठून भिंतीच्या आडोशाला बसते आणि ऊब मिळावी म्हणून एकेक काडी ओढते. प्रत्येक उजेडांत तिला कांहीं दिसतें : शेगडी, मेजवानीचें ताट, मेणबत्त्यांनीं झगमगणारें नाताळचें झाड, आणि शेवटीं आपली मेलेली आजी. सकाळीं लोकांस तिचें प्रेत सांपडतें. हातांत जळलेल्या काड्यांचा जुडगा असतो. तिनें काय पाहिलें हें त्या लोकांपैकीं कोणासच ठाऊक नसतें. पण ऐकणाऱ्या मुलाला तें ठाऊक असतें! ह्या एका योजनेनें अँडरसननें त्या मुलाला तिचा एकमेव साक्षी केलें आहे. भोंवतालच्या गर्दीला तो जुडगा म्हणजे नुसता कोळसा. मुलाच्या लेखीं त्यांतील एकेक काडी म्हणजे एकेक चित्र.

लहानांस दुःख सोसत नाहीं, ह्या समजुतीनें कांहीं नव्या रूपांतरांत ही मुलगी कोणा दयाळू माणसाच्या घरीं पोंचते आणि वांचते. हेतु चांगला असेल. परिणाम मात्र विपरीत होतो. भरल्या शहरांत एक पोर अनवाणी कां हिंडत होती, हा प्रश्नच त्यामुळें मिटून जातो. एका दयाळू माणसानें सर्वांचें देणें फेडलें, आतां निजावयास हरकत नाहीं, असा त्याचा अर्थ होतो. आमच्या कहाण्याही ‘सुफळ संपूर्ण’ होतात हें खरें; परंतु तेथें तें फळ व्रताच्या कष्टानें मिळवावें लागतें. अँडरसनच्या गोष्टीला बाहेरून चिकटविलेलें फळ तिच्यांतील कोणाच्याच कष्टाचें नसतें. चार वर्षांच्या मुलाला ही गोष्ट जड जाईल असें वाटल्यास ती आणखी दोन वर्षें कपाटांत ठेवावी. तिचा शेवट मात्र फिरवूं नये.

सुखान्त म्हणजे लबाडी, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. डिकन्सचें ‘ख्रिसमस कॅरोल’ १८४३ च्या डिसेंबरांत जॉन लीच याच्या आठ चित्रांसह प्रसिद्ध झालें. त्यांत कृपण स्क्रूजला, त्याच्या कारकुनाच्या घरीं पुढें काय घडूं शकेल तें दाखविण्यांत येतें : चुलीजवळची एक जागा रिकामी आहे, कुबडी जपून ठेवलेली आहे, आणि ती टेकणारें मूल कोठेंच नाहीं. तें पांगळें मूल अखेरीस जगतें. पण स्क्रूजनें आपली मूठ उघडल्यावर. ती कुबडी ऐकणाऱ्यानें एकदां मनांत पाहिलेली असते, म्हणूनच पुढचा आनंद त्याला फुकटचा वाटत नाहीं. लीचनेंही सणाच्या ह्या पुस्तकांत ‘अज्ञान’ आणि ‘दैन्य’ ह्या दोन हाडकुळ्या मुलांस निःसंकोच स्थान दिलें आहे.

क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग ह्या अमेरिकन चित्रकाराच्या १९८५ सालच्या ‘पोलर एक्सप्रेस’ ह्या पुस्तकाला पुढील वर्षीं कॅल्डेकॉट पदक मिळालें. मंद, रात्रीच्या रंगांतील त्याचीं चित्रें निजण्याच्या वेळेला फारच शोभतात. उत्तर ध्रुवावर गेलेल्या मुलाला नाताळबाबाच्या गाडीचें एक रुपेरी घुंगूर मिळतें. त्याचा नाद श्रद्धा असणाऱ्यालाच ऐकूं येतो. आईबापांस येत नाहीं, आणि पुढें त्या मुलाच्या बहिणीलाही येईनासा होतो. ह्या शेवटांत एक सूक्ष्म खोंच आहे. तो मोठ्यानें वाचून दाखविणारें माणूस बहुधा स्वतःच त्या बहिऱ्यांपैकीं असतें, आणि तें आपल्याच तोंडानें आपलें बहिरेपण वाचीत असतें. हें कौशल्य मान्य करूनही आम्हांस एक उणीव जाणवते. हें घुंगूर ज्याच्याजवळ आहे त्याला धन्य करतें, पण त्याच्याकडून कांहीं मागत नाहीं.

ह्याच्या उलट रेमंड ब्रिग्ज ह्या इंग्रज चित्रकाराचें ‘स्नोमॅन’. १९७८ सालच्या ह्या पुस्तकांत एकही शब्द नाहीं. रंगीत पेन्सिलींनीं काढलेलीं चित्रें मात्र आहेत. एक मुलगा बर्फाचा माणूस करतो, घरांतली टोपी आणि गळपट्टा त्याला घालतो. रात्रीं तो माणूस जिवंत होतो, दोघे आकाशांतून उडून येतात. आणि सकाळीं मुलगा पाहतो तों वितळलेल्या ढिगावर टोपी आणि गळपट्टा तेवढीं पडलेलीं! १९८२ च्या डिसेंबरांत दूरदर्शनवर आलेल्या चित्रपटानें ह्यांत नाताळबाबाची भेट घातली. ती मूळ पुस्तकांत नाहीं. चित्रपटांत नाताळबाबा मुलाला एक नवा गळपट्टा देतो, आणि सकाळीं तो त्याच्या खिशांत सांपडतो. ही भर अगदींच पोकळ आहे असें म्हणतां येत नाहीं. रात्र स्वप्न नव्हती हें कळल्यावर वियोग उलट अधिकच बोचतो. तरीही आमचा कौल पुस्तकालाच आहे. चित्रपटांतील गळपट्टा हें बाहेरून मिळालेलें बक्षीस आहे. पुस्तकांत जें उरतें तें मुलानें स्वतः दिलेलें असतें. स्नेहांत आपण जें घातलें तेवढेंच शेवटीं आपल्या पदरीं राहतें, हें इतक्या थोडक्यांत, आणि तेंही निःशब्दपणें, सांगणारें दुसरें बालपुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं. बर्फ कधीं न पाहिलेल्या आमच्याकडील मुलांसही हें समजावून द्यावें लागत नाहीं.

शब्द नसल्यामुळें त्या शेवटच्या पानावर वाचणाऱ्याला आधार कसलाच नसतो. “तो कोठें गेला?” असें मूल विचारतें, आणि उत्तर पुस्तकांत नसतें. सचित्र गोष्टीचा खरा उपयोग आमच्या मतें येथेंच आहे. दुःखाचें चित्र मुलानें एकट्यानें पाहावें असें कोणीच म्हणत नाहीं. तें त्यानें कोणाच्या तरी कुशींत बसून, ओळखीच्या आवाजांत ऐकत पाहावें, ह्याकरितांच हीं पुस्तकें आहेत. जो लेखक ह्या आवाजावर विश्वास ठेवतो तो शेवट गोड करण्याच्या भरीस पडत नाहीं. जो पालक त्या पानाला भिऊन तें झटकन् उलटतो, तो मुलाचें रक्षण करीत नाहीं. त्याच्या प्रश्नापासून स्वतःचें रक्षण करतो.